धर्मग्रामाचा फादर व्हायचं म्हणता?

ईस्टरकाळातल्या चौथ्या रविवारी, म्हणजे उत्तम मेंढपाळाच्या रविवारी, चर्चमध्ये पाचारणासाठी, म्हणजे नवे फादर-सिस्टर मिळावेत म्हणून, प्रार्थना होते आणि पुढच्या आठवड्यात एखादा मुलगा हमखास ऑफिसच्या दारात येऊन घुटमळतो. "फादर, मला फादर व्हायचंय. काय करायला लागतं?" पूर्वी हे दहावी-बारावीचे पोरगे असायचे. आता पदवी घेतलेले, दोन-तीन वर्षं नोकरी करून आलेलेही असतात. उभ्या उभ्या उत्तर देऊन भागत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

मी वसई धर्मप्रांतातला, म्हणजे वसईच्या बिशपांच्या हद्दीतला, धर्मगुरू. किनाऱ्यावरच्या जुन्या गावांत काम केलं, तलासरी-डहाणूकडच्या वारली पाड्यांवर केलं, आणि सध्या एका मोठ्या धर्मग्रामाचा (पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीचा) प्रमुख धर्मगुरू आहे. मुंबईच्या किंवा गोव्याच्या फादरांना विचाराल तर ते काही गोष्टी वेगळ्या सांगतील. पण ज्याला माणसांची ये-जा नकोशी वाटते त्याने या वाटेला येऊ नये, याबद्दल सगळ्यांचं एकमत होईल. मुलांना ओढून आणते ती वेदी: झगा, माइक, गायनमंडळ, भरलेलं चर्च. दिवसाचा तो तासभर. उरलेला वेळ दारात, फोनवर, टेबलाशी आणि दुसऱ्यांच्या घरांत जातो.

आधी एक घोळ मिटवू, कारण घरचेही त्यात गोंधळतात. फादर दोन प्रकारचे. जेझुइट, सालेशियन, फ्रान्सिस्कन हे संघांचे. ते गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतात, समूहाने राहतात आणि संघ पाठवेल तिथे जातात. आम्ही धर्मप्रांताचे. आम्ही ब्रह्मचर्य स्वीकारतो, आपल्या बिशपांना आज्ञापालनाचं वचन देतो. गरिबीचं व्रत मात्र घेत नाही. माझ्या नावावर बँकेत खातं आहे, बापजाद्यांच्या वाडीत हिस्सा असू शकतो. साधेपणाने राहायचं हे अपेक्षित असतं, पण ते स्वतःच्या जबाबदारीवर, त्यामुळे जास्त अवघड. फिरण्याची हद्दही ठरलेली. वसई धर्मप्रांत १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला, त्यात एका टोकाला वसईच्या केळीच्या वाड्या आणि दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाड्याचे डोंगर. धर्मप्रांताचा फादर आयुष्यभर या मुलखातच फिरणार. तुम्हाला शिकवणं किंवा संशोधन आवडत असेल, दूरदेशी जाऊन काम करायची ओढ असेल, तर संघांचा विचार करा. गावातल्या म्हातारीच्या नातवाचं नाव लक्षात ठेवण्यात तुम्हाला रस असेल तर इकडे या.

सेमिनरीचा, म्हणजे फादर घडवणाऱ्या विद्यालयातला, काळ आठ ते दहा वर्षांचा धरून चाला. सुरुवातीला एक तयारीचं वर्ष, मग तत्त्वज्ञान किमान दोन वर्षं, मग ईशज्ञान चार वर्षं, मधे एखादं वर्ष एखाद्या धर्मग्रामात किंवा शाळेत प्रत्यक्ष कामाचं. गोरेगावचं सेंट पायस, पुण्याची पेपल सेमिनरी, नागपूरची सेंट चार्ल्स, गोव्यातलं राशोल ही आपल्याकडची माहितीतली नावं. पेपल सेमिनरी पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली श्रीलंकेत कँडीला सुरू केली आणि १९५५ मध्ये ती पुण्याला आली, त्यामुळे तिथे देशभरातली मुलं भेटतात. धर्मगुरू व्हायला वयाची पंचविशी पूर्ण झालेली लागते. त्याआधी डीकनपद, म्हणजे फादर होण्याआधीची पायरी, आणि डीकनपद व गुरुदीक्षा यांत किमान सहा महिन्यांचं अंतर. ब्रह्मचर्याचं वचन डीकन होतानाच दिलं जातं. म्हणजे खरा निर्णय तिथे होतो. घरचे मात्र मांडव गुरुदीक्षेला घालतात.

मराठी माध्यमातून गेलेल्या मुलांना प्लेटो-अ‍ॅक्विनसपेक्षा इंग्रजी जड जातं. वर्ग इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. पहिली दोन वर्षं डोकं भणभणतं, पुढे सवय होते. मग उलटाच प्रश्न उभा राहतो. आठ-दहा वर्षं इंग्रजीत विचार करून परत आलेला तरुण फादर मराठीत प्रवचन करायला उभा राहिला की त्याच्या तोंडून भाषांतर बाहेर पडतं. "आपण देवाच्या प्रेमाचे साक्षीदार बनण्यासाठी बोलावले गेलेलो आहोत." समोरच्या आजीला यातलं काय पोहोचणार? म्हणून सेमिनरीत असतानाच मराठी वाचत राहा. 'सुवार्ता' मासिक चाळा, वर्तमानपत्राचे अग्रलेख वाचा, सुट्टीत घरी आलात की आपल्या बोलीत बोला. घरी कादोडी बोलत असाल, वाडवळी किंवा कोळी बोली येत असेल, तर ती जपा. पापनिवेदनाला (कन्फेशनला) बसल्यावर ती पुस्तकांहून जास्त उपयोगी पडते.

सेमिनरीत आणखी चार गोष्टी मिळवा. एक विद्यापीठाची पदवी, बाहेरून का होईना. मोटारसायकलचा परवाना. पेटी नाही तर निदान सूर धरण्याइतका कान. आणि हिशेब. नवख्या फादरला टॅली येत असेल तर त्याचं सोनं होतं. पदवीचं अशासाठी सांगतो की बरोबर आत गेलेल्यांपैकी काही जण मधे बाहेर पडतात, आणि त्यात काही वावगं नाही. सेमिनरी हा निवडीचा काळ आहे, दोन्ही बाजूंनी. बाहेर पडलेले माझे काही वर्गबंधू आज उत्तम शिक्षक आहेत, एकजण बँकेत आहे, आणि त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे मीच केलेत. गावात मात्र "अमक्याचा पोरगा सेमिनरीतून परत आला" अशी कुजबुज होते. ती ऐकायला लागू नये म्हणून केवळ आत राहणारा मुलगा पुढे स्वतःलाही छळतो आणि धर्मग्रामालाही.

अभ्यासात कच्चे असाल तर फार घाबरू नका. सगळ्या धर्मग्रामांच्या फादरांचे आश्रयदाते संत जॉन व्हियानी लॅटिनमध्ये गटांगळ्या खात होते. नंतर याच माणसाकडे पापनिवेदनासाठी आर्सच्या खेड्यात फ्रान्सभरातून लोक येत. ४ ऑगस्टला त्यांचा सण असतो, त्या दिवशी लोक फादरांना आवर्जून केक आणून देतात. हे सांगितलं की मुलं हसतात आणि अभ्यास सोडून देतात, म्हणून लगेच पुढचंही सांगतो: व्हियानी रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या पापनिवेदनाच्या खुर्चीत बसून असत. तेवढी बैठक असेल तर लॅटिन माफ.

आता रोजचा दिवस. पहाटे उठून ब्रेव्हिअरी, म्हणजे प्रहरांची प्रार्थना. ती रोजची आहे आणि दिवसभरात पुरी करायची आहे. पहिली मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, साडेसहाच्या सुमाराला. मिस्सानंतर झगा उतरवेपर्यंत दाराशी चार जण थांबलेले: एकाला मयताच्या सातव्या दिवसाची मिस्सा लावायची आहे, एकाला नवी रिक्षा आशीर्वादाला आणायची आहे, एकाच्या मुलाचा दहावीचा पेपर आहे. मग न्याहारी, ऑफिस, शाळेची मीटिंग, एखादं हॉस्पिटल. दुपारी तासभर मिळाला तर मिळाला. संध्याकाळी पुन्हा मिस्सा किंवा एखाद्या आळीत लघु ख्रिस्ती समूहाची बैठक. रात्री विवाहाच्या तयारीला आलेली जोडपी, कारण दोघंही नोकरीवाले, विरारहून लोकल धरून यायलाच त्यांना साडेआठ होतात.

महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारचं वेगळं सांगायला हवं. त्या दिवशी आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला घरोघरी जायचं. गळ्यात छोटी डबी, तीत पवित्र भाकर, आणि मोटारसायकलवर मागे त्या आळीतला कुणीतरी वाट दाखवायला. घरात शिरलात की मागच्या खोलीत स्टुलावर पांढरा रुमाल अंथरलेला असतो, क्रूस, पेटवलेली मेणबत्ती, वाटीत पाणी. हे सगळं सून किंवा नात सकाळपासून मांडून बसलेली. आजी खाटेवर उठून बसायचा प्रयत्न करते, डोक्यावर पदर घेते. प्रार्थना पाच मिनिटांची. नंतर ती जे बोलते त्याला वेळ द्यायचा असतो: गुडघे, मोठा मुलगा फोन करत नाही, वाडीतला आंबा तोडला. तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत की तिला कळतं. आणि निघताना चहा येतो. सगळीकडे चहा घेतला तर मधुमेह ठरलेला, कुठेच नाही घेतला तर "फादरांना आमचा चहा चालत नाही." मी पहिल्या घरी चहा, शेवटच्या घरी चहा आणि मधल्यांकडे पाणी असं ठरवून टाकलंय, आणि पुढच्या महिन्यात फेरी उलटी करतो. सेमिनरीत हे शिकवत नाहीत.

ऑफिसबद्दल तरुण फादर नाकं मुरडतात. "आम्ही काय कारकून व्हायला आलो का?" माझं मत अगदी उलटं आहे. चर्चच्या कपाटातली ती मोठी रजिस्टरं धर्मग्रामाचा कणा आहेत. बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू या तिन्हींची रजिस्टरं ठेवणं चर्चच्या कायद्यानेच प्रमुख धर्मगुरूवर घातलेलं काम आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत तारीख, मुलाचं नाव, आईबाप, धर्ममाता-धर्मपिता, देणाऱ्याची सही, आणि कडेला एक मोकळा रकाना. पंचवीस-तीस वर्षांनी त्या मुलाचं लग्न जिथे होईल तिथून कळवलं जातं आणि त्या मोकळ्या जागेत लग्नाची नोंद होते. म्हणूनच लग्न ठरलं की आम्ही नव्याने काढलेला बाप्तिस्म्याचा दाखला मागतो, आईने ट्रंकेत जपून ठेवलेला जुना चालत नाही. नव्या दाखल्यावर कडेच्या नोंदी उतरतात आणि माणूस आधी कुठे लग्न करून आला आहे का ते दिसतं. गुरुदीक्षेची नोंदही तिथेच पडते. तुम्ही फादर झालात तर तुमच्या जन्मगावच्या रजिस्टरात, तुमच्या भावाच्या नोंदीपुढे लग्न लिहिलंय त्याच जागी, तुमची गुरुदीक्षा लिहिली जाईल.

नावांची तर वेगळीच तऱ्हा. जुनी नोंद लॅटिन वळणाची, शाळेच्या दाखल्यावर मराठी, आधारवर इंग्रजी, पासपोर्टवर आणखी काही. घोन्सालवीस, गोन्साल्वीस, गोन्साल्विस. एकाच घरात तीन. मुलगा कॅनडाला निघालेला असतो आणि बापाच्या नावातल्या एका अक्षरावर अडतो. लोक येऊन म्हणतात, "फादर, तुमच्याच हातात आहे, एवढं अक्षर बदला." बदलायचं नाही. मूळ नोंद खोडायची नाही, व्हाइटनर तर लावायचाच नाही. पुरावा घ्यायचा, धर्मप्रांताच्या कार्यालयाला विचारायचं आणि दुरुस्ती कडेला लिहून तारीख-सही करायची. यावरून मी काही माणसं दुखावलीत, पण इथे सैल सोडून चालत नाही. विवाहाच्या बाबतीत तर सरकारी बाजूही आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली आम्ही लावलेलं लग्न कायद्याने लग्न असतं. त्यामुळे वय, आधीचं लग्न, साक्षीदारांच्या सह्या यांत चालढकल नको. गोव्यात मुलकी नोंदणीची पद्धत निराळी आहे. तिकडच्या मुलीशी लग्न असेल तर घाई करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

मयताचा फोन बहुधा रात्री येतो. इथे तुमची खरी परीक्षा. शक्य असेल आणि माणूस अजून जिवंत असेल तर तेल घेऊन लगेच निघायचं, रुग्णाभ्यंग संस्कार द्यायचा. "सकाळी येतो" हे वाक्य त्या घरातले वीस वर्षं विसरत नाहीत. अंत्यविधीचं प्रवचन लहान ठेवा. गेलेल्या माणसाला तुम्ही ओळखत नसाल तर ओळखत असल्याचा आव आणू नका. आदल्या रात्री घरी बसून दोन गोष्टी विचारून घ्या, तेवढ्या पुरतात. आत्महत्या केलेल्याच्या घरचे अजून दबकत विचारतात, "फादर, चर्चमध्ये आणता येईल ना?" हो, येतं. चर्चच्या १९८३ च्या कायद्यात आत्महत्येसाठी अंत्यविधी नाकारण्याचं कलम राहिलेलं नाही. जुन्या माणसांच्या मनात ते ठाण मांडून आहे, म्हणून त्यांनी विचारायच्या आत तुम्हीच सांगा. दहनालाही १९६३ पासून परवानगी आहे, तरी आमच्याकडे अजून बहुतेक दफनच. आणि कबरीच्या जागेवरून भाऊ-भाऊ भांडतील, मातीचे हात झटकायच्या आत भांडतील. त्यात न्यायाधीश व्हायचं नाही. दफनभूमीचे नियम लिहून फळ्यावर लावून ठेवायचे आणि सगळ्यांना तेच दाखवायचे, आमदार असो की गावकरी.

पापनिवेदनाबद्दल बाहेर उत्सुकता फार, सांगण्यासारखं कमी, कारण सांगायचंच नसतं. गुपित थेट फोडणारा धर्मगुरू त्या क्षणी आपोआप चर्चमधून बहिष्कृत होतो, आणि ती शिक्षा उठवणं रोमच्या हातात. पवित्र आठवड्यात शेजारच्या धर्मग्रामांतले फादर एकमेकांकडे जातात आणि तीन-तीन तास रांगा चालतात. एक व्यवहारी गोष्ट तेवढी सांगतो. कानाने कमी ऐकणाऱ्या आज्या मोठ्याने बोलतात आणि त्यांचं पापनिवेदन अर्ध्या चर्चला ऐकू जातं. त्यांना हाताला धरून आतल्या खोलीत न्या, रांग थांबली तरी चालेल. आणि ऐकलेल्या पापाने दचकायचं नाही, चेहऱ्यावरही नाही. समोरचा माणूस कित्येक वर्षांनी आलेला असू शकतो.

प्रवचनाबद्दल पोप फ्रान्सिस २०२४ मध्ये स्पष्टच बोलले होते: आठ मिनिटांवर जाऊ नका, लोक झोपतात. आमच्याकडे पंधरा मिनिटांचा सर्रास रिवाज आहे आणि आठ मिनिटांत संपवलं तर एखादा म्हातारा "फादर, आज बरं नाही का?" असं विचारतो. तरी आठच. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं, मत्तय, मार्क, लूक असं फिरतं. तेव्हा त्याच धर्मग्रामात तीन वर्षं झाली की तोच उतारा पुन्हा येतो. लोकांना तुमचं ईशज्ञान आठवत नाही, विनोद आठवतो. वही ठेवा.

पैशाचं विचारायला मुलं लाजतात, आईबाप विचारतात. राहणं-जेवण धर्मग्रामाचं, वर धर्मप्रांताने ठरवलेला मासिक भत्ता. त्यावर बंगला होत नाही. मिस्सा लावताना लोक जे दान देतात त्यातलं दिवसाला एकाच मिस्साचं स्वतःला ठेवता येतं. दिवसात दोन-तीन मिस्सा केल्या तरी बाकीचं बिशपांनी ठरवून दिलेल्या कामाला जातं. अपवाद फक्त नाताळचा. प्रमुख धर्मगुरूला रविवारची एक मिस्सा धर्मग्रामातल्या सगळ्यांसाठी, दानाशिवाय करायची असते. रविवारची वर्गणी तुम्ही एकट्याने मोजायची नाही. कधीच नाही. तीन-चार माणसांची टोळी, टेबलावर ओतायची, मोजायची, वहीत सह्या, सोमवारी बँकेत. आर्थिक मंडळ असणं चर्चच्या कायद्याने सक्तीचं आहे आणि ते तुमच्या बाजूचं आहे असं समजा, मग ऑडिटच्या वेळी झोप लागते.

बांधकामाचा नाद मात्र लावून घेऊ नका. प्रत्येक नव्या फादरला काहीतरी बांधावंसं वाटतं: नवा हॉल, नवी ग्रोटो (माउलीची गुहा), नव्या फरशा. संगमरवरी पाटीवर नाव येतं. मी काही धर्मग्रामांत पाहिलंय, हॉल चकचकीत आणि आजाऱ्यांची यादी पाच वर्षं जुनी.

राजकारणाचं काय? चर्चचा कायदा आम्हाला पक्षीय राजकारणात भाग घ्यायला मनाई करतो. पण वसईत लोक फादरकडून गप्प बसण्याची अपेक्षा करत नाहीत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता'चं संपादन केलं, हरित वसईच्या चळवळीत पाण्या-झाडांसाठी रस्त्यावर उतरले आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्यासारखी उंची प्रत्येकाला गाठता येत नाही, पण गावच्या विहिरी खाऱ्या होत असताना फादर फक्त नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) घेत बसला तर लोक ते बघतात. पक्षाचा माणूस मात्र वेदीच्या माइकजवळ येऊ द्यायचा नाही. निवडणुका जवळ आल्या की सणाच्या मिस्साला पहिल्या बाकावर सगळे पक्ष दिसतात. फूल द्या, मिस्सानंतर अंगणात बोला.

त्याहून तापदायक राजकारण रविवारच्या वेळापत्रकाचं. आठची मिस्सा मराठीत की इंग्रजीत? जुन्या गावकऱ्यांची भाषा मराठी, त्यांची नातवंडं इंग्रजी शाळेत, आणि स्टेशनजवळच्या नव्या इमारतींत कोकणी, मल्याळी, तमिळ कुटुंबं. "आमच्या बापजाद्यांनी चर्च बांधलं आणि आता आम्ही साडेसहाला उठायचं?" हे वाक्य मी पंचायतीच्या बैठकीत नाही, धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत ऐकलंय. माझी बाजू मराठीची आहे, ते मी लपवत नाही. मोक्याची वेळ मराठीला आणि इंग्रजीला नंतरची. पण पहिलं वर्ष काहीच बदलायचं नाही. वेळ बदलली की लोक फादरच बदलून मागतात.

तलासरीकडे यातलं काहीच नव्हतं. रविवारी पाड्यावरच्या मिस्साला कधी चाळीस माणसं, भाताची लावणी असली तर सहा. ऑफिसात बाप्तिस्म्याच्या दाखल्यापेक्षा रेशनकार्ड, जातीचा दाखला, वसतिगृहातला प्रवेश यांसाठी लोक यायचे, आणि त्यातले पुष्कळ ख्रिस्ती नसायचे. धर्मांतराचा संशय घेणारेही असतात, म्हणून मदत करताना सगळं उघड, कागदावर आणि कुणालाही चर्चला यायची अट न घालता. वारली भाषा शिकायला वर्ष गेलं. तरुण फादरने सुरुवातीची काही वर्षं अशा ठिकाणी काढावीत असं माझं ठाम मत आहे. तिथे कुणी तुम्हाला फादर म्हणून आयता मान देत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला एकदा जाऊन या. मराठी बोलणारं चर्च वसईच्या वाड्यांपलीकडे केवढं पसरलंय ते तिथे दिसतं.

मुलांविषयी एक कडक गोष्ट. वेदीसेवक, गायनमंडळ, धर्मशिक्षण, सहली: फादरचा मुलांशी सतत संबंध येतो. ऑफिसच्या दाराला काच हवी. मुलासोबत बंद खोलीत एकटं बसायचं नाही, गाडीवर एकट्या मुलाला घेऊन जायचं नाही, रात्री-अपरात्री मेसेज करायचे नाहीत. पापनिवेदनाबाहेर मुलाच्या लैंगिक छळाबद्दल काही कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, मग तो दुसरा फादर का असेना. चर्चने जगभर या बाबतीत लोकांचा विश्वास गमावलाय आणि तो गमावण्यालायक प्रकार घडलेत. हे नियम ज्याला जाचक वाटतात त्याने आत्ताच दुसरं काही शोधावं.

आणि ब्रह्मचर्य. लोकांना वाटतं देहाची ओढ हीच मोठी अडचण. ती असतेच, विशेषतः तिशीत. पण रात्री साडेनऊनंतरचं घर जास्त जड जातं. दिवसभर शंभर माणसं भेटलेली, तीन लग्नांची बोलणी, एक मयत. आणि आता ताटावरची जाळी उचलायची, गार भाजी, समोर टीव्ही. मोबाइल हातात येतो, कुणी बाटलीकडे वळतो, कुणी चिडका होतो. उपाय साधे आहेत पण नेटाने करावे लागतात. सहाय्यक धर्मगुरूबरोबर एकत्र जेवा, पटत नसलं तरी. सोमवारी सुट्टी घ्या आणि ती धर्मग्रामाबाहेर घालवा. आपल्या बॅचचे दोन-तीन फादर असे ठेवा की ज्यांना रात्री दहाला फोन करता येईल. एखाद्या कुटुंबाशी घरोबा असू द्या, पण एकाच कुटुंबाशी नको. बहिणीच्या घरी गणपती-दिवाळीसारखं नाताळ नसतं, कारण नाताळला तुम्ही तीन मिस्सांत असता; तेव्हा २६ तारखेला जा आणि दोन दिवस राहा.

बदलीचं सांगून थांबतो, कारण सेमिनरीत याची कुणी तयारी करून घेत नाही. सहाय्यकाची बदली दोन-तीन वर्षांत, प्रमुख धर्मगुरूची साधारण पाच-सहा वर्षांत. बिशपांचं पत्र येतं, तारीख दिलेली असते. ज्या मुलांना बाप्तिस्मा दिला त्यांचं पहिलं कम्युनियन दुसराच कुणी देतो. निरोपाच्या मिस्साला शाल, श्रीफळ, गाणं, रडारड; आणि पुढच्या रविवारी तेच लोक नव्या फादरला सांगतात, "जुन्या फादरांच्या वेळी असं नव्हतं." ते नव्याला टोचतं, पण तुम्ही जुन्या गावात डोकवायचं नाही. फोनवर सल्ले द्यायचे नाहीत, लग्नांना दर आठवड्याला जायचं नाही. नव्याला एक वर्ष मोकळं द्या. जाण्याआधी मात्र एक काम नीट करा: आजाऱ्यांची यादी, पाड्यांचे रस्ते, कोण कुणाशी बोलत नाही, कुठल्या घरी गेल्यावर पहिल्यांदा आजीशी बोलायचं, हे सगळं लिहून ठेवा. मी ते एका साध्या दोनशे पानी वहीत लिहितो.

सुरुवात करायची असेल तर अशी करा. आपल्या प्रमुख धर्मगुरूंना भेटा, ते धर्मप्रांताच्या पाचारण विभागाच्या फादरांचा नंबर देतील. सुट्टीत शिबिरं असतात, तिथे जाऊन या. शिबिराला गेलं म्हणजे सेमिनरीत नाव लागलं असं होत नाही. बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे (कन्फर्मेशनचे) दाखले लागतातच. आईबापांच्या लग्नाचा दाखला, शाळेची कागदपत्रं आणि तब्येतीचा दाखलाही तयार ठेवा. नावांची स्पेलिंगं आत्ताच तपासा. नोकरीत असाल तर राजीनामा घाईने देऊ नका. आणि जवळच्या कुठल्याही धर्मग्रामात फादरांना विचारून आठवडाभर त्यांच्या मागे मागे फिरा. मिस्साला नको, ती तुम्ही लहानपणापासून पाहताय. ऑफिसात बसा, पहिल्या शुक्रवारी गाडीवर मागे बसा. माझ्याकडे यायचं असेल तर साडेपाचला दाराशी या, कुत्रा बांधलेला असतो.